मांडरेंच्या घरी जाताना
भावा, निसर्गचित्रं शिकायला लागलायस, तर महागडी रंगपेटी घ्यायच्या आधी कोल्हापुरात राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं घर बघून ये. होय, सिनेमातले नट तेच (१९१३–२००१), चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. मांडरेंनी राहता 'निसर्ग' बंगला चित्रांसकट सरकारला देऊन टाकला. आता तिथंच संग्रहालय आहे.

सगळं एका दमात उरकू नकोस. मी पहिल्यांदा नुसत्या पाट्या वाचत फिरलो, घरी आल्यावर एक चित्र आठवेल तर शपथ! पावडर शेडिंगच्या एकाच चित्रासमोर पंधरा मिनिटं थांब. कोरडी भुकटी कागदावर घासून केलेलं काम ते. लांबची झाडी कशी विरत जाते, कडा कुठं मऊ सोडलीय, तेवढंच बघ. आणि खिशात पेन्सिल ठेव.