दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलीसाठी किराणा आणि बाहेरचं खाणं कसं सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या मुलीचं दूध-दही पूर्ण बंद केलंय, दुकानातही ‘यात दूध नाही ना?’ असं विचारूनच घेता, तरी अधूनमधून तिच्या अंगावर गांधी उठतात. बहुतेक वेळा घोळ या प्रश्नातच असतो. आपल्या बोलण्यात दूध म्हणजे पातेल्यातलं दूध. तूप, ताक, लोणी, खवा, दुधाची पावडर यांना कुणी दूध म्हणत नाही. त्यामुळे दुकानदार ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. एकेक नाव घेऊन विचारा: तूप? लोणी? दही-ताक? खवा? पनीर, चीज? पावडर? मोहन तेलाचं की तुपाचं?

अ‍ॅलर्जी असते दुधातल्या प्रथिनांची, म्हणजे केसीन आणि व्हे यांची. लॅक्टोज-फ्री दुधात फक्त लॅक्टोज ही दुधातली साखर नसते, प्रथिनं तशीच राहतात, म्हणून तेही नको. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्यांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना तीही बाधतात. तुपावरून घरोघरी वाद होतो. पण लोणी कढवल्यावर तळाशी बसणारी बेरी म्हणजे करपलेली दुधाची प्रथिनंच, आणि गाळलं तरी त्यांचा अंश तुपात उरू शकतो. डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिली नसेल तर तूप बंद. आजीआजोबांना ही बेरी दाखवून समजावलं की चटकन पटतं.

पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे कामाचा नाही, कारण दूध शाकाहारीच धरलं जातं. घटकांच्या यादीजवळ ‘कन्टेन्स मिल्क’ शोधा. भारतात पाकीटबंद पदार्थावर हे लिहिणं बंधनकारक आहे. यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, सोडियम केसिनेट, बटरमिल्क पावडर यांपैकी काहीही दिसलं तर ठेवून द्या. ग्लुकोज बिस्किटं, टोस्ट, वेफर्सचा मसाला, मार्गारिन, डार्क चॉकलेट यांत ही नावं हमखास भेटतात. कोको बटर आणि पीनट बटर मात्र नुसत्या नावाला बटर. तरी यादी वाचाच. व्हीगन (प्राणिजन्य घटक नसल्याचं) चिन्ह असलं तरी ‘मे कन्टेन मिल्क’ ही ओळ बघा. नेहमीचंच पाकीट असलं तरी दर वेळी वाचा, घटक न सांगता बदलतात.

सुटं फरसाण, बेकरीची खारी, नानकटाई, मिठाईच्या दुकानातली चिक्की यांवर लेबल नसतं आणि तोच चिमटा पेढ्यांतही फिरलेला असतो. हे मी सरळ टाळायलाच सांगेन. हॉटेलात नान नको (कणकेत दही किंवा दूध असतं), रवा डोशाच्या पिठात ताक असू शकतं, आणि साध्या डोशाच्या तव्यावर आधीच्या गिऱ्हाईकाचं लोणी असतं. इडली-चटणी त्यातल्या त्यात बरी, पण चटणीत दही आहे का आणि इडलीच्या साच्याला तूप लावतात का हे विचारा.

घरी कढीऐवजी सोलकढी करा. ढोकळ्याला आंबटपणा लिंबाने येतो. खिरीसाठी एका नारळाचा चव कपभर कोमट पाण्यात वाटून दाट दूध वेगळं काढा, दुसऱ्या पाण्याच्या पातळ दुधात तांदूळ शिजवा. गूळ विरघळला की गॅस बंद करून मगच दाट दूध घाला. उकळत्या गुळात ते फाटतं.

नारळाचं दूध चवीपुरतं ठीक, पोषणात ते गाईच्या दुधाची जागा घेत नाही. चार वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 550 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 40 ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून साधारण 140 मिळतं, तिळाची अ‍ॅलर्जी नसेल तर मोठा चमचाभर तिळातून शंभरेक. उरलेल्यासाठी कॅल्शियम घातलेलं सोया दूध (सोया चालत असेल तर) सोपं पडतं. डबा आधी जोरात हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं. पालकातलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही, त्यावर विसंबू नका.

‘थोडं थोडं देऊन सवय लावा’ असं कुणी सुचवलं तरी घरी करू नका, केकमध्ये भाजलेलं दूधसुद्धा नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गांधींसोबत उलटी, खोकला, आवाज बसणं किंवा धाप दिसली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. अ‍ॅड्रेनॅलिन (तीव्र अ‍ॅलर्जीत द्यायचं इंजेक्शन) केव्हा आणि कसं द्यायचं, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत बालवाडीत द्या. औषध घेतानाही अ‍ॅलर्जी सांगा: काही कोरड्या पावडरच्या इन्हेलरमध्ये लॅक्टोज असतं, त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश येऊ शकतो.