उद्यानाची जमीन दर पावसाळ्यात तुटते. धूपप्रतिबंधक बंधारा मागावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुमच्या गावात पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला लागून, सुरूच्या बनात ग्रामपंचायतीचे उद्यान आहे. बाके, मुलांचे खेळ, स्वच्छतागृह, पेव्हर ब्लॉकचे वाहनतळ, आणि शनिवार-रविवारी भरपूर गर्दी. दोन पावसाळ्यांत पुढची जमीन तुटली, सुरूची झाडे आडवी झाली आणि आता ग्रामसभेत दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी आहे.

माझे उत्तर: निदान आत्ता तरी मागू नका. बंधारा त्याच्या मागची जमीन राखतो, पुढची पुळण राखत नाही. लोक तुमच्याकडे बाकासाठी येत नाहीत, पुळणीसाठी येतात.

पावसाळी लाट उतरत्या पुळणीवर चढते, तिचा जोर ओसरतो आणि बरेचसे पाणी वाळूत मुरते. तीच लाट दगडावर आपटली की परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उचलून नेते. पायथा खोल झाला की पाणी खोल होते, आणि उथळ पाण्यात लाटेची उंची खोलीवरच ठरते. म्हणून पुढच्या उधाणाला आणखी मोठी लाट बंधाऱ्याला भिडते. त्यातच बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना, जिथे दगड संपतात तिथे, जमीन आधीपेक्षा वेगाने तुटते. मग शेजारच्या वाडीची मागणी येते आणि बंधारा लांबत जातो. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या आणि पांढरा समुद्र या किनाऱ्यांवरच्या बंधाऱ्याची दुरुस्ती वर्षानुवर्षे का चालू राहिली, ते यातून समजेल. तिथे मागे वस्ती आणि रस्ता आहे, म्हणून तो खर्च करावाच लागतो. तुमच्या मागे उद्यान आहे, आणि उद्यान सरकवता येते.

आधी मोजमाप करा. जुलैत काढलेल्या फोटोवरून निर्णय घेऊ नका. पावसाळ्यात वाळू किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, उथळ पाण्यात आडव्या दांड्यासारखी जाऊन बसते. ऑक्टोबरपासून सौम्य लाटा ती हळूहळू परत आणतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत बरीचशी वर येते. म्हणून मेची तुलना मेशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी. मे आणि सप्टेंबर ताडून पाहिले तर कोकणातली प्रत्येक पुळण धुपतेच असे दिसेल.

मोजायला यंत्र लागत नाही. उद्यानाच्या मागच्या हद्दीवर दर १०० मीटरला एक पक्का दगड पुरा आणि त्यावर रंगाने क्रमांक टाका. दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या, वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा आणि दोन्हींमध्ये दीड मीटर दोरी बांधा. दगडापासून सुरुवात करून सरळ समुद्राकडे जायचे. जमिनीकडच्या माणसाने समुद्राकडच्या काठीचे टोक क्षितिजाच्या रेषेत आणायचे. ती रेषा त्याच्या स्वतःच्या काठीवर टोकापासून जितकी खाली येईल, तितका त्या दीड मीटरमधला उतार. मध्ये चढ लागला तर उलटे: मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहायचे आणि पुढच्या काठीवर आकडा वाचायचा. धुरकट हवेत क्षितिज दिसत नसेल, तर गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी वापरा.

वेळ उधाणाच्या ओहोटीची धरा, म्हणजे पाण्याजवळचा भागही मोजता येतो. कोकणात अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास असते, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. महिन्यातून एकदा पुरे. शाळेतली नववी-दहावीची मुले हे उत्तम करतात. असे मोजून काढलेले उताराचे चित्र म्हणजे काटछेद. दोन काटछेद एकाच आलेखावर काढले की त्यांच्यामधले क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये जितके, तितके घनमीटर वाळू किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे गेलेली किंवा आलेली. हा आकडा हातात असला की कोणत्याही कार्यालयात तुमचे बोलणे वेगळ्या पातळीवर जाते.

मोजताना खाडीच्या मुखापासून दुसऱ्या टोकाच्या डोंगरापर्यंत सगळी पुळण घ्या, फक्त उद्यानासमोरची नको. कोकणातल्या बहुतेक पुळणी दोन भूशिरांच्या मध्ये अडकलेल्या आहेत. त्यांच्यातली वाळू बाहेर फारशी जात नाही. ती उत्तरेकडून दक्षिणेकडे किंवा उलट सरकते. तुमच्याकडे तुटते आहे आणि दुसऱ्या टोकाला पुळण रुंदावते आहे असे दिसले, तर वाळू हरवलेली नाही, जागा बदलते आहे. दोन्ही टोकांना घट असेल तर मात्र वाळूचा पुरवठाच तुटला आहे. तेव्हा खाडीतला सक्शन पंपाचा रेती उपसा, नदीवरची धरणे, मुखाजवळची नवी जेटी किंवा लाटरोधक भिंत हे सगळे तपासा.

पूर्व किनाऱ्यावर गोष्ट निराळी असते. तिथे वाळूचा निव्वळ प्रवाह उत्तरेकडे आहे. पुदुच्चेरीला १९८० च्या दशकात बंदराच्या भिंती बांधल्या, वाळू दक्षिणेला अडकली आणि शहरासमोरची पुळण जाऊन नुसते दगड उरले. २०१८ मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्याने पाण्याखाली कृत्रिम खडक बसवला, त्यानंतर तिथे पुन्हा वाळू धरली. ते पाहून आपल्याकडेही तसाच खडक मागायचा मोह होतो. पण वाळू कुठून कुठे जाते हे कळल्याशिवाय त्याची जागा ठरवता येत नाही.

‘समुद्राची पातळी वाढली’ हे कारण खरे आहे, पण त्याचा हिशेब करून पाहा. वाढ वर्षाला साधारण ३ मिलिमीटरच्या घरात आहे. पुळणीचा उतार ५० ला १ ते १०० ला १ धरला तर त्यामुळे किनारा वर्षाला १५ ते ३० सेंटिमीटर मागे सरकेल. तुमच्याकडे वर्षाला तीन-चार मीटर जात असतील तर बाकीचे कारण जवळपासच आहे, आणि बऱ्याचदा ते उद्यानातच सापडते: सपाट केलेली वाळूची टेकडी, त्यावरचे पेव्हर ब्लॉक, आणि वाहनतळाचे पावसाचे पाणी थेट पुळणीवर सोडणारा पाइप. त्या पाइपाखाली पडलेली घळ पहिल्याच उधाणाला समुद्राला आत येण्याची वाट करून देते. हे पहिल्या वर्षीच दुरुस्त करता येते: वाहनतळाचा उतार गावाकडे फिरवा, पाणी चरात जिरवा आणि पाइप बंद करा.

सुरूबद्दल गावात भावना नाजूक असतात, तरी सांगतो. सुरू वारा अडवतो, धूप अडवत नाही. मुळे उथळ असतात आणि खालच्या सुयांच्या थरात दुसरे काही उगवत नाही. लाटेने मूळ उघडे पडले की झाड मुळांच्या गड्ड्यासह उलटते आणि गड्ड्याबरोबर मोठा खड्डा पडतो. २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर हे ठिकठिकाणी दिसले. काठावर झुकलेली झाडे वन विभाग किंवा सामाजिक वनीकरणाच्या परवानगीने अर्धा मीटर बुंधा ठेवून कापा, मुळे उपटू नका. नवे सुरू पुढच्या ओळीत लावू नका.

पुढच्या ओळीत लावायची ती मर्यादवेल, वाळूवर पसरणारी वेल. तिच्या मागे रावणाच्या मिशा हे काटेरी गवत, त्यामागे निर्गुडी आणि केवडा, आणि अगदी मागे उंडी, करंज, भेंड. मर्यादवेलीचे ३० ते ४५ सेंटिमीटरचे तुकडे घ्या, दोन-तीन पेरे वाळूत जातील असे तिरके पुरा, अंतर अर्धा ते एक मीटर. वेळ जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसानंतरची, आणि जागा उधाणाच्या भरतीच्या खुणेच्या वर. पुढचे दोन पावसाळे गुरे आणि गाड्या आत येऊ दिल्या नाहीत तर वेल स्वतः पसरते. रावणाच्या मिशा टोचतात, त्यामुळे वाटेच्या कडेला लावू नका. जिथे माणसांनी जाऊ नये असे वाटते तिथे मात्र मुद्दाम लावा.

झाडांच्या आधी वाळू धरायला कूड, म्हणजे विणलेले कुंपण लागते. बांबूचे खांब, त्यावर नारळाच्या झावळ्या, उंची एक ते सव्वा मीटर. विणताना जवळजवळ निम्मी जागा मोकळी राहिली पाहिजे. घट्ट कूड वाऱ्याला भिंतीसारखा आडवा येतो, त्याच्या पायथ्याशी भोवरा होतो आणि वाळू साचण्याऐवजी उडते. ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे. कूड दिवाळीच्या सुमारास घाला, कारण वाळू उडवणारा दुपारचा वायव्येचा वारा नोव्हेंबर ते मे असतो. मेमध्ये घातलेला कूड जूनमध्ये वाहून जातो. निम्म्याहून जास्त पुरला की त्याच रेषेवर दुसरा चढवा. किनाऱ्यावर कासवे अंडी घालत असतील तर कूड सलग नको. दहा-दहा मीटरचे तुकडे पुढेमागे ठेवा आणि जागा ठरवताना गावातल्या कासवमित्रांना सोबत घ्या.

गर्दी थांबवायची नाही, तिला वाट द्यायची. दर ८० ते १०० मीटरला एक लाकडी पायवाट, दीड ते दोन मीटर रुंद, वेलीपासून अर्धा-पाऊण मीटर उंच, आणि सरळ नको, एक वळण घेतलेली. सरळ वाटेतून वारा आणि उधाणाचे पाणी दोन्ही आत घुसतात. समुद्राकडच्या शेवटच्या पायऱ्या बोल्टने जोडा आणि मेअखेर काढून ठेवा. जीप, घोडागाडी आणि सफाईचा जेसीबी टेकडीवर अजिबात नको. कचरा हाताने उचला, कारण यंत्र कचऱ्याबरोबर वाळूही नेते. पावसाळ्यानंतर मीटरभर उंचीचा उभा कडा तयार झाला असेल तर तो जेसीबीने सपाट करू नका. कड्याच्या वर आणि खाली, त्यापासून तीन-तीन मीटर अंतरावर दोरी लावा. मुले त्याखाली खेळतात आणि कडा न सांगता ढासळतो.

आता उद्यान मागे नेणे. किती मागे? वर्षाला सरासरी जितके मीटर जाते त्याला बांधकामाच्या आयुष्याने गुणा, आणि एका मोठ्या वादळासाठी दहाएक मीटर वाढवा. वर्षाला १ मीटर आणि २० वर्षांचे स्वच्छतागृह म्हणजे आजच्या काठापासून ३० मीटर. सगळ्यांत आधी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा हलवा. टाकी उघडी पडली की पुळण पोहण्यालायक राहत नाही. बाके, दुकाने, झोपाळे पुढे राहू द्या, पण उचलून नेता येतील असे.

वाळू बाहेरून आणून टाकण्याचा मार्ग आहे, मात्र प्रमाण लक्षात घ्या. पुळण एक मीटर रुंद करायची तर ती पाण्याखालच्या उतारासकट रुंद करावी लागते. वरचा उंचवटा दोन मीटर आणि खाली पाच मीटर खोलीपर्यंत हालचाल धरली, तर मीटर लांबीमागे ७ घनमीटर वाळू. तीनशे मीटर किनारा दहा मीटर रुंद करायला २१,००० घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या २,१०० खेपा. वाळू तुमच्या पुळणीइतकी किंवा थोडी जाड हवी. खाडीतला बारीक गाळ टाकला तर एका पावसाळ्यात जातो आणि जाताना पाणी गढूळ करतो. पुळणीच्या खालच्या भागातून उकरून वर टाकणे म्हणजे वाळू वाढवणे नव्हे.

एवढे करूनही मागचा रस्ता किंवा घरे धोक्यात असतील, तर बंधारा शक्य तितका मागे, उद्यानाच्या गावाकडच्या हद्दीवर, वाळूखाली पुरलेला मागा. त्याच्या आराखड्यात तीन गोष्टी तपासा. पहिली, पायथा: पावसाळ्यात पुळण जितकी खाली जाते, त्याच्याही खाली तो गेला पाहिजे. इथे तुमचे सप्टेंबरचे काटछेद कामी येतात. दुसरी, दगडांखाली जिओटेक्स्टाइलचे कापड. ते नसेल तर वाळू फटींतून निघून जाते आणि चांगला बंधाराही बसतो. तिसरी, दगडाचे वजन. १ उभा आणि २ आडवा असा उतार असेल तर २ मीटरच्या लाटेला काळा दगड साधारण १ टनाचा लागतो, अडीच मीटरच्या लाटेला २ टनांचा. लाट दुप्पट झाली की वजन आठपट. जांभा जवळ मिळतो म्हणून वापरू नका: हलका असल्याने त्याच लाटेला कितीतरी पट वजनाचा लागतो, आणि झिजतोही. दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या खाऱ्या पाण्यात गंजतात आणि तुटलेल्या तारा अनवाणी पायांत घुसतात. टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, गर्दीच्या पुळणीवर धोक्याचे, माणसे त्यांच्या फटींत पडतात. घरांचा राडारोडा तर कधीच नको.

परवानगीचे थोडक्यात. सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना २०१९ प्रमाणे वाळूच्या टेकड्या सर्वांत संरक्षित गटात, म्हणजे सीआरझेड १-अ मध्ये येतात आणि जिवंत टेकडीचा आकार बदलायला मनाई आहे. धूप रोखण्याच्या कामांना वाव आहे, पण त्यासाठी शास्त्रीय अभ्यास जोडावा लागतो. बंधाऱ्याचा प्रस्ताव पत्तन विभाग किंवा महाराष्ट्र सागरी मंडळाकडून जातो, मंजुरी सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. अभ्यासासाठी पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. लागवड, पायवाट आणि बांधकाम मागे नेण्याचा ठराव वेगळा करा, बंधाऱ्याच्या ठरावात मिसळू नका. नाहीतर बंधाऱ्याच्या फाइलीबरोबर कूडही अडकतो. दोन्ही ठरावांना वर्षभराचे काटछेद, भरतीच्या खुणेचा नकाशा आणि प्रत्येक क्रमांकाच्या दगडावरून एकाच दिशेला काढलेले महिन्याचे फोटो जोडा.