जुन्या स्प्लेंडरची कोणती देखभाल घरच्या घरी करता येईल?

इंजिन ऑइल बदलणे आणि चेनचा ताण साधणे ही दोन कामे घरी निश्चितपणे करता येतात. ऑइल काढण्यापूर्वी इंजिन दोन-तीन मिनिटे चालू ठेवावे, कारण कोमट झालेले ऑइल पातळ होऊन गाळासह पूर्ण निथळते. नवे ऑइल मोटारसायकलसाठीचेच, १०डब्ल्यू-३० प्रतीचे (हा ऑइलच्या दाट-पातळपणाचा क्रमांक, डब्यावर छापलेला असतो) घ्यावे. या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्याने कारच्या काही ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे तो घसरू लागतो. पातळी पाहताना गाडी मेन स्टँडवर उभी करावी आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची, झाकणाला जोडलेली पट्टी) आटे न फिरवता नुसती टेकवावी.

चेनबाबत अधिक सावध राहावे. मागचे चाक थोडेथोडे फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ लागते तिथेच, दोन दातेरी चक्रांच्या मध्यभागी, वर-खाली सुमारे २० ते ३० मिलिमीटर सैलपणा ठेवावा आणि चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा समान असल्याची खात्री करावी. चेन ताणण्यासाठी चाकाचा नट सैल करून चाक मागे सरकवले की मागच्या ड्रम ब्रेकची दांडीही ताणली जाते, म्हणून नट आवळल्यानंतर ब्रेक पेडलची मोकळी हालचाल पुन्हा जुळवणे अत्यावश्यक आहे. हे अनेकजण विसरतात आणि ब्रेक घासत राहतो. जुने ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.