वाचकांचे प्रश्न : दाट पाणगवतातल्या बाससाठी रॉड कोणता घ्यावा?

प्रश्न : मी बास माशासाठी साडेसहा फुटी, मीडियम पॉवरचा स्पिनिंग रॉड आणि १० पौंडांची मोनोफिलामेंट (एकाच अखंड नायलॉन धाग्याची) लाइन वापरतो. मोकळ्या पाण्यात या साहित्याने मला कधीच अडचण आली नाही. मात्र हायड्रिला हे पाणगवत दाटलेल्या भागात मासा लागला, की दोन-तीन सेकंद ओढ जाणवते आणि मग तो गवतात असा घुसतो, की हाती केवळ गवताचा पुंजका येतो. एक स्नेही आठ फुटी, एक्स्ट्रा हेवी रॉड घेण्यास सांगतात, तर दुसऱ्यांच्या मते नुसती लाइन बदलली तरी पुरेल. मला पानांवरून कृत्रिम बेडूक ओढण्याची विशेष आवड आहे. एकच रॉड घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा?

उत्तर : आपण वर्णन केलेला प्रसंग दाट गवतात मासेमारी करणाऱ्या जवळपास प्रत्येकावर आलेला असतो, आणि त्यात आपल्या कौशल्याचा दोष नाही. या माशाचा आजवरचा विक्रम सुमारे १० किलोंचा आहे (१९३२ साली अमेरिकेतील जॉर्जियात आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात असे दोन मासे मिळाले), पण एरवी गळाला लागणारा मासा बहुधा एक-दोन किलोंचाच असतो. एवढ्या वजनासाठी मोकळ्या पाण्यात आपला रॉड उत्तम आहे. गवतात मात्र माशाच्या अंगाभोवती आणि लाइनभोवती ओले देठ गुंडाळले जातात, आणि रॉडला माशाबरोबर तो सगळा भाराही ओढावा लागतो. म्हणून रॉड निवडताना मासा किती मोठा मिळेल याचा विचार मागे ठेवावा आणि गवत किती दाट आहे, हे आधी पाहावे.

रॉडवर छापलेल्या दोन शब्दांची गल्लत अनेकांकडून होते. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड साधारण वरच्या एक तृतीयांश भागात वाकतो, तर मॉडरेट ॲक्शनचा जवळपास मध्यापर्यंत. आपल्या अडचणीचे मूळ पॉवरमध्ये आहे. मीडियम रॉड ओढ बसताच मुठीपर्यंत वाकत जातो, आपण रीळ फिरवत राहता, पण त्या वेळात मासा जागचा हलत नाही, आणि त्याला खाली डोके घालून देठांत शिरायला तेवढी फुरसत पुरते. गवतात पहिल्या दोन सेकंदांतच माशाचे तोंड वर वळवावे लागते. त्यासाठी रॉडचा खालचा अर्धा भाग ताठ हवा, म्हणजेच पॉवर हेवी हवी.

आता आठ फुटी, एक्स्ट्रा हेवी रॉडविषयी. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो वेगळ्या कामाचा आहे. पृष्ठभागावर गवताची जाड चटई तयार झाली, की तिच्याखाली बऱ्याचदा सावलीची मोकळी पोकळी राहते आणि बास तिथे दबा धरून बसतो. त्या चटईतून आमिष खाली उतरवण्यासाठी एक ते दोन औंसांचे टंगस्टनचे वजन लावून पंचिंग करतात, आणि त्या कामाला असा रॉड योग्य ठरतो. आपला बेडूक मात्र अर्धा ते पाऊण औंसाच्या आसपास असणार. एवढ्या हलक्या आमिषाने एक्स्ट्रा हेवी रॉडचा शेंडा फेकताना पुरेसा वाकत नाही, त्यामुळे फेक आखूड पडते आणि पानांमधल्या नेमक्या फटीवर आमिष टाकणे जिकिरीचे होते.

लांबीचा फायदा निश्चित आहे. लांब रॉडने एकाच झटक्यात अधिक लाइन खेचली जाते, त्यामुळे पानांवर सैल पडलेली लाइन लगेच ताणता येते. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात डी थॉमस या मासेमाराने फ्लिपिंगची (जवळच्या अंतरावर आमिष झुलवून हळूच पाण्यात सोडण्याची) पद्धत रूढ केली तीही साडेसात फुटी रॉडवरच. परंतु लांबीबरोबर शेंड्याकडचे वजन वाढते आणि दिवसभर बेडूक नाचवणाऱ्या मनगटाला ते जाणवते. म्हणून एकच रॉड घ्यायचा, तर माझे मत असे, की आपण ७ फूट ३ इंच लांबीचा, हेवी पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा बेटकास्टिंग (रीळ वरच्या बाजूला बसणारा) रॉड घ्यावा, ज्यावर आमिषाचे वजन साधारण अर्धा ते दीड औंस असे छापलेले असेल. बेडकाखेरीज टेक्सास रिगसारखी गवतात न अडकणारी आमिषेही त्यावर चालतील. केवळ अत्यंत जाड चटईतले पंचिंग त्याच्या आवाक्याबाहेर राहील.

आपल्या दुसऱ्या स्नेह्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मोनोफिलामेंट ताणली जाते, त्यामुळे झटक्याचा बराचसा जोर लाइनमध्येच मुरतो. ५० ते ६५ पौंडांची ब्रेडेड (अनेक धागे विणून केलेली) लाइन जवळजवळ ताणत नाही आणि मऊ देठ कापतही जाते. मात्र ती सध्याच्या रॉडवर चढवली तर वाकण्याचे सारे काम त्या रॉडवरच पडेल आणि मूळ अडचण तशीच राहील. लाइन ताणत नसल्यामुळेच नव्या रॉडचा शेंडा काठीसारखा ताठ नसावा. थोडा झुकणारा शेंडा मासा तोंड झटकतो तेव्हा लाइन ताणलेली ठेवतो आणि गळ सुटू देत नाही. रीळ ७:१ किंवा त्याहून अधिक गतीचे असावे, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे (लाइन गुंडाळल्या जाणाऱ्या फिरकीचे) सात फेरे होतात आणि मासा वर आला की त्याला थांबायला वेळ मिळत नाही.

दुकानात रॉड नुसता हवेत हलवून पाहिल्याने फारसे कळत नाही. रीळ बसवावे, लाइन सगळ्या कड्यांतून ओवावी, कुणाला तरी तिचे टोक जमिनीलगत धरायला सांगावे आणि रॉड साधारण ४५ अंशांपर्यंत सावकाश उचलावा. बाक कुठे संपतो, हे तेव्हा डोळ्यांना दिसते. बाक मुठीपर्यंत पोहोचला, तर लेबलवर काहीही लिहिलेले असो, तो रॉड गवतासाठी नाही. कड्यांच्या आत बसवलेल्या सिरॅमिकच्या रिंगांतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कापसाचा तंतू अडकला, तर तिथे चीर आहे, आणि ताणलेली लाइन रोज त्याच ठिकाणी घासली जाईल. रिळामागची मूठ कोपराखाली नीट टेकावी, पण झटका देताना बरगड्यांना लागू नये. मी स्वतः रॉड पसंत करताना सर्वांत अधिक वेळ या मुठीला देतो.

बेडकाच्या बाबतीत एक सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण चांगला रॉड हाती आल्यावर हीच चूक वाढते. पान थरथरते, त्याची कड आत ओढली जाते, पाणी उसळते आणि आपला हात आपोआप झटका देतो. त्या क्षणी बेडूक बहुधा माशाच्या ओठांतच असतो. पोकळ बेडकाचे अंग दाबले गेल्याशिवाय त्याचे गळ उघडे पडत नाहीत. म्हणून शेंडा पाण्याकडे झुकवावा, क्षणभर थांबावे, वजन जाणवले की मगच दोन्ही हातांनी जोरात वर खेचावे आणि रीळ थांबवू नये. तरीही मासा गवतात शिरलाच, तर ओढाताण न करता लाइन ताणलेली ठेवून होडीच त्याच्याजवळ न्यावी आणि गवतासकट त्याला हाताने उचलावे.

प्रश्न : माझा नवा ग्रॅफाइटचा हेवी रॉड मासा होडीत घेताना शेंड्यापासून फूटभर अंतरावर तुटला. मासा दीड किलोचाही नव्हता. रॉडच सदोष असावा का?

उत्तर : तशी शक्यता आहे, परंतु मासा होडीलगत आला असताना आपण रॉड उभा करून डोक्यामागे नेला होता का, हे आठवून पाहावे. रॉड उभ्या रेषेच्या मागे गेला, की ताठ बुंधा भार घेईनासा होतो आणि सगळा बाक सर्वांत बारीक भागात एकवटतो. दीड किलोचा मासा तेव्हा पुरेसा ठरतो. दुसरे कारण टंगस्टनचे वजन असू शकते. होडी हलताना मोकळे लोंबणारे वजन रॉडवर आपटत राहिले, तर ग्रॅफाइटला डोळ्यांना न दिसणारी इजा होते आणि तो पुढे कधीतरी त्याच जागी मोडतो. यापुढे वजन नेहमी अडकवून ठेवावे, मासा जाळीने घ्यावा, आणि आमिष गवतात रुतल्यास वाकवलेल्या रॉडने ओढू नये. रॉड लाइनच्या सरळ रेषेत धरून, लाइन लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून खेचावी. उघड्या हाताला ब्रेडेड लाइन कधीही गुंडाळू नये, कारण ती कातडी खोलवर कापते.