राणीच्या बागेतला डास

प्रश्न : नातवंडांना घेऊन मी राणीच्या बागेत जाते, पावसाळ्यातसुद्धा. सूनबाईंचं म्हणणं, तिथले डास आधी जनावरांना चावतात, मग मुलांना, आणि त्यातून रोग होतात. पेंग्विनला मलेरिया होतो असंही वाचनात आलं. तो आपल्याला होतो का?
— एक आजी, लालबाग

उत्तर : नाही होत, आजी. पेंग्विनला मात्र होतो आणि फार लवकर आडवा करतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात २०१२ साली सहा हम्बोल्ट पेंग्विन त्यानेच दगावले. हा पक्षी पेरू-चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावरचा. तिथे डासांचा फारसा त्रास नाही, म्हणून त्याच्या अंगात या रोगाशी झुंजायची ताकदच नाही. तेच परजीवी रक्तात घेऊन चिमणी मात्र बहुधा मजेत हिंडते. म्हणजे इथे बाहेरच्या चिमणीचा रोग आतल्या पाहुण्याला लागतो!

तो पोहोचवतो क्यूलेक्स, गटारात वाढणारा आपला नेहमीचा डास. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात चिमण्यांसारख्या पक्ष्यांवर काम करूनच हे सिद्ध केलं. माणसाच्या मलेरियाचा परजीवी निराळा आणि डासही निराळा, ॲनाफिलीस. मुंबईत तो गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो. राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून आलेले पेंग्विन काचेआड थंडाव्यात ठेवले, त्यामुळे डासही आपोआप बाहेर राहिले. परदेशात जिथे ते उघड्यावर असतात तिथे मोठे पंखे लावतात, कारण वाऱ्यापुढे डासाचं काही चालत नाही. शिवाय डासांच्या हंगामात माशाच्या पोटात गोळी दडवून भरवतात.

तरी सूनबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९९९च्या उन्हाळ्यात कावळे पटापट मरू लागले, मग ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले फ्लेमिंगो आणि एक गरुडही. त्याच सुमारास शहरात माणसांना मेंदूज्वर होत होता. सरकारी निदान होतं सेंट लुईस मेंदूज्वर. प्राणिसंग्रहालयाच्या पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना: त्या रोगाने पक्षी सहसा मरत नाहीत. दुसरा एक संशय होता घोड्यांच्या मेंदूज्वराचा, पण त्याने हमखास आजारी पडणारे इमू ठणठणीत होते. त्या हटून बसल्या. शेवटी निघाला वेस्ट नाईल विषाणू, अमेरिकेत पहिल्यांदाच. माणसं सात गेली. पशुवैद्य म्हणून मला या बाईंचा फार अभिमान वाटतो. जनावरांच्या डॉक्टरांचं सहज कुणी ऐकत नाही.

हा विषाणू पक्ष्याकडून डासात आणि डासातून माणसात येतो. माणसाच्या रक्तात तो इतका कमी असतो की पुढचा डास त्यातून बाधित होत नाही.

बागेत नातवंडांना डेंगीचं भय मला जास्त वाटतं. पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस दिवसाच चावतो, आणि त्याला मुख्यतः माणूसच लागतो. डेंगी त्याला वाघाकडून मिळत नाही, तिकिटाच्या रांगेतल्या माणसाकडून मिळतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायमोजे घाला, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावा.

आणि एक करा. माकडांना खेळायला टांगलेला टायर दिसला तर त्याच्या पोटाला भोक आहे का ते पाहा. नसेल तर आत पावसाचं पाणी साचतं आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. पिंजऱ्यासमोरच्या कर्मचाऱ्याला सांगा. एक भोक पाडायला त्याला पाच मिनिटं पुरतील.