प्लेटलेट चढवूनही काउंट हलत नाही

प्रश्न : आईला (वय 54) ब्लड कॅन्सर आहे, एएमएल. पहिली किमो होऊन बारा दिवस झाले, तीन एसडीपी (एकाच डोनरकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटच्या बॅगा) चढवल्या तरी काउंट 6 हजारावरून 8 हजारावरच. नातेवाईक म्हणतात बॅगच खराब होती. आता मामा आणि आम्ही तिघं भावंडं देतो म्हणतोय, चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बॅगेला दोष देण्याआधी एवढं विचारा की काउंट केव्हा काढला होता. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळचाच बघितला जातो आणि घोळ तिथंच होतो. पुढची बॅग संपली की तासाभराच्या आत एक सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) पाठवायला सांगा, एका एसडीपीनं साधारण 30 ते 50 हजार वाढायला हव्यात. तासाभरात वाढल्या आणि सकाळपर्यंत उतरल्या तर बहुतेक वेळा ताप, इन्फेक्शन, वाढलेली स्प्लीन (प्लीहा), रक्तस्राव नाहीतर अँफोटेरिसिनसारखं (बुरशीच्या इन्फेक्शनवरचं) एखादं औषध त्या संपवत असतं, आणि जास्त पेशंटमध्ये कारण हेच निघतं.

पण जुळत्या रक्तगटाच्या ताज्या बॅगा देऊन दोनदा तासाभरातही काउंट हलला नाही, तर एचएलए (पेशींवरच्या ओळखीच्या खुणा) अँटीबॉडीची, म्हणजे त्या खुणांविरुद्ध शरीरानं बनवलेल्या प्रथिनांची, टेस्ट करायला लावा. तीन बाळंतपणं झालेल्या बाईत या अँटीबॉडी असू शकतात, कारण बाळाच्या पेशींवर वडिलांकडून आलेल्या खुणा असतात आणि आईचं शरीर त्यांच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं. म्हणूनच तुम्हा मुलांच्या किंवा बाबांच्या प्लेटलेट तिला सगळ्यात कमी टिकण्याची शक्यता, प्रेमापोटी देताय हे कळतं मला, पण नका देऊ. मामांनाही थांबवा, पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांट ठरलं तर सख्खा भाऊ हाच डोनर असू शकतो आणि आत्ताच त्याचं रक्त तिला गेलं तर ट्रान्सप्लांट रिजेक्ट होण्याचा धोका वाढतो.

अँटीबॉडी निघाल्या तर क्रॉसमॅच केलेल्या (तिच्या रक्ताशी आधी जुळवून पाहिलेल्या) किंवा एचएलए जुळणाऱ्या डोनरच्या प्लेटलेट लागतात, तशी सोय आहे का ते ब्लड बँकेत आजच विचारा कारण डोनर शोधायला वेळ जातो आणि बॅग 5 दिवसच टिकते. पांढऱ्या पेशी गाळलेल्या, इरॅडिएट केलेल्या (किरणं दिलेल्या) बॅगाच मागा.

तोवर ब्रश मऊ वापरा, दंडात-कमरेत इंजेक्शन नको, आणि शी काळी झाली, डोकं एकदम दुखायला लागलं किंवा ती गुंगीत वाटली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना उठवा.