एआर-१५ रायफलसाठी २०० डॉलरच्या आत कोणती रेड डॉट साइट घ्यावी? ३५ डॉलरवाली चालेल का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी लिहायला बसलो नसतो. "रेंजवरचे एक काका म्हणाले, डॉट म्हणजे डॉट, ३५ डॉलरचाही लाल आणि ४५० डॉलरचाही लालच." हे काका प्रत्येक रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, असतात.

रेड डॉट साइट म्हणजे रायफलवर बसवायची छोटी काच, तिच्यात दिसणारा लाल ठिपका निशाणावर ठेवून नेम धरायचा. आधी तुमचं काम. टेक्सासात राहता, १६ इंची नळीची, ५.५६ मिलिमीटर गोळीची एआर आहे, ५० ते १०० यार्डांवर कागद आणि पोलादी पाट्या मारायच्या आहेत, हातात २०० डॉलर. सिग साउअरची रोमिओ ५ घ्या, नाहीतर होलोसनची एचएस४०३बी. ठिपका २ एमओए (हे कोनाचं माप, १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच), सेल सीआर २०३२, हलवलं की आपोआप पेटते. दर सवलतीच्या दिवसांत खालीवर होतात, पण बजेटात बसतात. दोन्ही चीनमध्ये बनतात, त्यावरून नाक मुरडायचं असेल तर बजेट दुप्पट-तिप्पट करा. वॉर्टेक्सची क्रॉसफायरही याच भावात येते. तिची खरी किंमत वॉरंटीत आहे: बिल नसलं, तुम्ही दुसरे मालक असलात, तरी कंपनी दुरुस्त करून देते किंवा बदलून देते. १०० च्या आतच राहायचं असेल तर बुशनेलची टीआरएस-२५. ठिपका ३ एमओए, गोल चकतीने उजेड कमीजास्त होतो, आणि बंद करायला विसरलात की सेल संपला. शिवाय ती बुटकी आहे, एआरवर उंचवट्याचा माउंट (साइटखालची बैठक) वेगळा घ्यावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीचशी गळते.

आता काकांचं. ३५ डॉलरच्या साइटमध्ये काय होतं ते एका रायफलवरून सांगतो. तक्रार नेहमीचीच: "झिरो टिकत नाही." म्हणजे ठरावीक अंतरावर ठिपका आणि गोळी जुळवून ठेवली तरी जुळणी बिघडते. साइट बिननावाची, लाल-हिरवा दोन्ही रंग, चार तऱ्हेच्या खुणा, काच २५ मिलिमीटर. २५ यार्डांवर पाच गोळ्यांचा पहिला गट नेमका मध्यावर. रायफल खाली ठेवली, पुन्हा खांद्याला लावली, दुसरा गट दीड इंच डावीकडे. सगळ्यांना वाटतं स्क्रू सैल. स्क्रू घट्ट होते, त्यांवर मारलेली रंगाची रेघ जागची हललेली नव्हती. मग रायफल रिकामी केली, चेंबर (गोळी बसते ती जागा) दोनदा पाहिला, वाळूच्या पिशव्यांत पक्की रुतवली आणि ५० यार्डांवर एक-एक इंचाच्या चौकटींचा कागद लावला. रायफलला हात न लावता फक्त डोकं हलवलं. ठिपका काचेच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नेला, तर कागदावर तो जवळजवळ पाच इंच सरकला.

इथे थोडं भौतिकशास्त्र लागतं, आणि काकांचा मुद्दा इथेच कोसळतो. आतला एलईडी आरशासारख्या वक्र काचेच्या नाभीवर, म्हणजे फोकसच्या बिंदूवर, बसवलेला असतो. काचेवरचा लेप तेवढा लाल उजेड परतवतो, बाकीचा आरपार सोडतो. परतलेले किरण समांतर झाले तर डोळा काचेमागे कुठेही असो, ठिपका त्याच दिशेला दिसतो. तुम्ही डोकं १० मिलिमीटर बाजूला नेलं तर तुमची नजरेची रेषाही तेवढीच, समांतर सरकते. म्हणजे चूक १० मिलिमीटरची, ती २५ यार्डांवर तेवढीच आणि १०० वरही तेवढीच. २५ मिलिमीटरच्या काचेत मध्यापासून कडेपर्यंत साडेबारा मिलिमीटर, सुमारे अर्धा इंच. कडेपासून कडेपर्यंत एक इंच. त्यापलीकडे जे काही सरकतं तो एलईडी नाभीवर न बसवल्याचा दोष आहे. पाच इंच म्हणजे किरण समांतर नाहीतच. "पॅरलॅक्स फ्री" (डोकं हललं तरी ठिपका सरकत नाही) हे खोक्यावर सगळेच छापतात, ते कुणाचंच अक्षरशः खरं नसतं. पण कडेपासून कडेपर्यंत एक इंच आणि पाच इंच यांत फरक आहे की नाही? गाल दस्त्यावर दर वेळी वेगळा टेकतो म्हणून गट सरकत होता. झिरो हलला नव्हता, तो मुळात नव्हताच.

त्याच साइटचा दुसरा दोष क्लिकचा, म्हणजे नेम सरकवणाऱ्या स्क्रूच्या खटक्यांचा. २० क्लिक वर दिले, गोळी जागीच. आणखी दोन गोळ्या, तरी जागीच. तिसऱ्या गोळीला एकदम उडी. आतली स्प्रिंग अशक्त असते, स्क्रू फिरतो पण आतला भाग चिकटून बसतो आणि धक्क्याने मग सुटतो. क्लिक दिल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने साइटवर हलकं टकटक करायचा जुना उपाय आहे, पण नव्या साइटला तो करावा लागत असेल तर ती परत करा. आणि लाल-हिरव्याचं म्हणाल तर एका नाभीवर दोन एलईडी कसे बसणार? ते शेजारी-शेजारी असतात, म्हणून रंग बदलला की नेमही बदलू शकतो. एकच रंग घ्या, खुणाही एकच.

नवी साइट कितीचीही असो, आल्या आल्या ही डोकं हलवायची चाचणी करा. फुकट आहे, एकही गोळी लागत नाही. मग रेंजवर चौकोन मारा: ५० यार्डांवर पाच गोळ्या, १६ क्लिक उजवीकडे, पाच गोळ्या, १६ वर, १६ डावीकडे, १६ खाली. नेम मात्र सगळा वेळ एकाच ठिपक्यावर. अर्ध्या एमओएच्या क्लिकला ५० यार्डांवर पाव इंच, म्हणजे चार-चार इंचांचा चौकोन यायला हवा आणि शेवटचा गट पहिल्यावर बसायला हवा. २५ गोळ्या जातात. त्यात वाचवू नका.

माउंटबद्दल लोक वाचतच नाहीत, आणि "झिरो जातो" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो. साइट रिसीव्हरच्या (रायफलच्या मुख्य सांगाड्याच्या) रेलवर बसवा, पुढच्या हँडगार्डवर (नळीभोवतीच्या पकडीवर) नाही, कारण हँडगार्ड पकडीच्या जोराने वाकतो. उंची: रोमिओ ५ च्या खोक्यात बुटका आणि १.४१ इंची असे दोन्ही माउंट येतात, एआरला १.४१ वाला. बुटक्यावर लावलात तर मान मोडेल. साइट खाचेत ठेवून पुढे, नळीच्या दिशेने ढकला आणि तशी धरूनच आवळा. रायफल मागे येते तेव्हा साइट जडत्वाने जागीच राहू पाहते, म्हणजे रायफलच्या हिशेबाने पुढे सरकते. आधीच पुढे टेकलेली असली की सरकायला जागा नाही. साइट आणि माउंट जोडणारे छोटे स्क्रू काढून, अल्कोहोलने तेल पुसून, निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावून पुन्हा बसवा. लाल लॉकटाइट नको, तापवल्याशिवाय सुटत नाही आणि तापवलं की साइट मेली. छोट्या स्क्रूंना साधारण १० ते १५ इंच-पाउंड, रेलच्या स्क्रूला पुस्तिकेत असेल तेवढं. अंदाजपंचे पिळू नका, टॉर्कचा पाना ४०-५० डॉलरला मिळतो. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर येईल अशी नेलपॉलिशची रेघ. रेघ तुटली की कळतं.

झिरो ५० यार्डांचा ठेवा. तुमच्या नळीला ५५ ग्रेन वजनाच्या गोळीने १०० वर साधारण दीड इंच वर लागेल आणि २०० च्या थोडं पुढे परत रेषेवर येईल. तुमच्या पाट्यांना एवढं पुरे. सुरुवात २५ वरून करा, पण तिथे मध्यावर आणू नका. साइट नळीच्या मध्यापेक्षा सुमारे २.६ इंच वर आहे, त्यामुळे ५० च्या झिरोला २५ वर गोळी १.२ इंच खालीच लागली पाहिजे. तिथे एक क्लिक म्हणजे एक अष्टमांश इंच. सात यार्डांवर दोन इंचांहून थोडं जास्त खाली लागतं. ते बिघडलेलं नाही, तसंच असतं. एका गोळीवर क्लिक देऊ नका, पाचांच्या गटाचा मध्य धरा. आणि ठिपका कागदावर जेमतेम दिसेल इतकाच पेटवा. भगभगीत ठेवलात तर २ चा ५ एमओए दिसतो आणि गट पसरतो.

"मला ठिपका गोल दिसत नाही, स्वल्पविरामासारखा दिसतो" असं अर्धे लोक सांगतात आणि साइट परत करतात. मोबाइलने काचेतून फोटो काढा. फोटोत गोल असेल तर दोष तुमच्या डोळ्यात आहे, ॲस्टिग्मॅटिझम. दुसरी खूण: काचेतून बघत साइट हळूहळू फिरवा. शेपूट तशीच राहिली तर डोळा, साइटबरोबर फिरली तर साइट. चष्म्याचा नंबर नीट करून घ्या. किंवा मागची घडीची पीप साइट उभी करून तिच्या भोकातून ठिपका बघा, बारीक भोकाने तो आवळला जातो. पीपला जुनाट म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य पीपनेच मारलं. त्या स्पर्धेत ठिपका चालतच नाही. डोळ्याचा त्रास जास्तच असेल तर रेड डॉट सोडा आणि एकपटीचा (चित्र मोठं न करणारा) प्रिझम साइट घ्या. प्रायमरी आर्म्सचा मायक्रोप्रिझम तुमच्या बजेटच्या थोडा वर जातो, पण त्यात खूण काचेत कोरलेली असते, डोळ्याप्रमाणे फोकस करता येतो आणि सेल संपला तरी काळी खूण दिसतेच. डोळा मात्र जवळ आणि ठरावीक जागी ठेवावा लागतो.

सेलच्या तासांवर भाळू नका. सीआर २०३२ मध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असतात. भागिले ५०,००० तास केलं तर सव्वाचार-साडेचार मायक्रोअँपिअर. म्हणजे हा आकडा मंद पातळीचा आहे. टेक्सासच्या उन्हात ठिपका दिसायला लागतो तो उजेड त्याच्या कितीतरी पट सेल खातो. वर्षातून एकदा सेल बदला, तारीख लक्षात राहत नसेल तर खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारं बाहेर काढून पुसायचीच असतात. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप दिलेला असतो. त्याने कधीकधी संपर्क नीट होत नाही, ठिपका लुकलुकतो. अल्कोहोलने पुसून बसवा.

काच निळसर दिसते म्हणून साइट नकली, हे काकांनी तुम्हाला सांगितलं नसेल तर पुढच्या रविवारी सांगतील. लाल परतवणारा लेप आहे, मग आरपार येणाऱ्यात लाल कमी आणि उरलेलं निळसर दिसणारच. महागड्यांत लेप अरुंद पट्ट्याचा असतो म्हणून कमी जाणवतं, एवढंच. उलट टोकाचे लोकही भेटतील: एमपॉइंट (महागडी स्वीडिश साइट) नसेल तर लावूच नका म्हणणारे. १९७५ पासून ती कंपनी हेच करतेय आणि तिची साइट आपटली, भिजली, वर्षानुवर्षं चालू ठेवली तरी चालते, यात वाद नाही. पण ५०० डॉलरच्या रायफलवर कागद मारायला नाकापेक्षा मोती जड कशाला? ३५ पासून १३० पर्यंतची उडी म्हणजे साइट नसण्यापासून असण्यापर्यंतची आहे. १३० पासून ४५० ची उडी भरवशाची आहे. घराच्या रक्षणासाठी किंवा नोकरीवर हीच रायफल वापरणार असाल तर मी वरचं सगळं मागे घेतो, महाग घ्या.

आणि हे आधी लिहायला हवं होतं. तुम्ही एच-१बी वर असाल तर साइटच्या आधी रायफलचं बघा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, ते वकिलाला विचारून, मित्राला नव्हे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. प्रश्नात तुम्ही "एक जास्तीची घेऊन भावाला सांगलीला एअर रायफलसाठी नेऊ का" असंही विचारलंय. नेऊ नका. शस्त्रांच्या साइटींवर अमेरिकेचं निर्यात नियंत्रण आहे, परवान्याशिवाय बॅगेत टाकून नेणं हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो, त्याने चांगल्या साइटींच्याही आतल्या जोडण्या सुटतात. भावाला त्याच रायफलची उघडी साइट घासूनपुसून वापरू दे.